मागणीचा नियम

पिंपळबारी, ४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. रंजिताताईस, अमृतचा शि. सा. न.

मोबाईलवर मी नुसतं ‘बरंय’ लिहितो म्हणून रागावलीस ना? घे, सविस्तर. आमच्या कॉलेजात स्मार्ट बोर्ड आलाय आणि प्राचार्यांनी अर्थशास्त्राचे सगळे तास मला रेकॉर्ड करायला सांगितलेत. तासिकेवर नेमलेल्या मास्तराला एवढा मान मिळाल्यावर मी हुरळून गेलो. आई गावभर सांगत सुटलीय म्हणे, मन्हा आंडोर टीव्हीवर दिखस.

वर्गात धरणाच्या पाण्यापलीकडच्या मणिबेली गावची रिना नावाची मुलगी आहे. बोटीने, मग जीपने आली, इथल्या वसतिगृहात राहते. एका तासात मला तीनदा थांबवते. बी. ए. होऊन शिक्षिका व्हायचं म्हणते. तिच्या शंकांपायी रेकॉर्डिंग बिघडतं, म्हणून हल्ली ते रिकाम्या वर्गात करतो.

भाचरांना पापा. राग सोड.

तुझा अमृत

खांडबारा, २० नोव्हेंबर २०२४

चि. अमृतास अ. उ. आ.

आईकडून कळलं, दिवाळीनंतर तुला तासच दिले नाहीत. बोर्डावर तू आहेस, मग वर्गात कशाला, असं प्राचार्य म्हणाले म्हणे. अरे शहाण्या, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास! रागाने लिहितेय, कारण नाहीतर रडू येतं. दहा वर्षं तू त्या पोरांसाठी झिजलास. तुझे दाजी म्हणतात, आमच्या दुकानावर येऊन बस. ये. वेळेवर जेवत जा.

त्या रिनाला आता कोण शिकवतं? कळव.

माया आहेच, ती कागदावर किती मावणार.

ताई

पिंपळबारी, १८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

रिनाचं लग्न ठरलं, कॉलेज सुटलं. काल मी अनुभवाचा दाखला आणायला गेलो, तेव्हा तिचे वडील जामसिंग तिचे कागद न्यायला आले होते. त्यांनीच सगळं सांगितलं.

दिवाळीनंतर बोर्डावरच्या व्हिडिओत मी मागणीचा नियम शिकवला. किंमत वाढली की मागणी घटते. त्यांच्या समाजात मुलीला मागणी येते तेव्हा मुलाकडचे तिच्या बापाला देज देतात. रिनाला वाटलं, देज वाढवलं की मागणी येणारच नाही, बी. ए. पुरं होईल. तिनेच बापाला भरमसाट देज सांगायला लावलं. लेकीच्या शिक्षणासाठी तेही तयार झाले. कॉलेजात शिकवलेलं खोटं कसं असेल? पण आलेल्या पाहुण्यांनी पंचांसमोर एका बैठकीत ते कबूल केलं. दिलेला शब्द जामसिंगना आता मोडता येत नाही.

ताई, नियम तसा नाही गं. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ अशी त्याची सुरुवातच आहे. वर्गात मी त्या चार शब्दांवर अख्खा तास घालतो. ऐपत असलेला वाढलेली किंमतही मोजतो, हे पोरांच्या गळी उतरवतो. व्हिडिओ दहा मिनिटांत बसेना, म्हणून तेवढं मीच कापलं. आरशात स्वतःचं तोंड बघवत नाही.

जामसिंग माझ्यावर रागावले नाहीत, उलट हात जोडले. फक्त एवढंच म्हणाले, पोरगी त्या दिवशी हात वर करून बोर्डासमोर उभीच होती सर, तुम्ही तिच्याकडे बघितलंच नाही.

पुढे लिहवत नाही. मला अंतर देऊ नकोस.

अमृत