'बस'ला बदक-ससा म्हणणारी नात

तीर्थरूप ताईस धाकटीचा साष्टांग नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळी धडधाकट आहेत. तुझा गुडघा कसा आहे? तेल रोज चोळतेस ना? (बाटली संपली वाटली तरी फेकू नकोस, उलटी ठेव, आणखी दोन दिवस पुरतं.)

तर आपली नात पहिलीत गेली. पुस्तक घडाघडा वाचते म्हणून मी शेजारणीपुढे मिरवत होते. परवा बाईंनी बोलावून सांगितलं की ही वाचत नाही, पाठ म्हणते. सोमवारी नव्या चार ओळी वाचता आल्या नाहीत तर परत बालवर्गात बसवणार. घरी येऊन मी पाटीवर 'बस' लिहिलं. म्हणाली, "बदक-ससा!" (अगं, तक्त्यावर ब बदकाचा, स सशाचा. 'घर'चं तिने घड्याळ-रथ केलं.)

मीही हट्टाला पेटले. मॅट्रिकला गणिताने दोनदा आडवं पाडलं तरी उठले होते, इथे तर दोन अक्षरं! स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या (जुन्या पाकिटांच्या, कोरा कागद कशाला नासा?). दोन दिवसांत बयेने सगळ्या धडाधड वाचल्या. मला शंका आली, म्हणून साखर-मिठाच्या चिठ्ठ्या गुपचूप बदलल्या. तरी ही डबा बघून "साखर"च म्हणाली, आणि सूनबाईने चिठ्ठी वाचून चहात मीठ घातलं. घरात वाचून वागणारी तेवढी एकच निघाली! ह्यांनी तो चहा निमूट प्यायला, वर म्हणाले, आज बरा झालाय.

मग मात्र मी नातीला दटावलं, की पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे. मी रोज स्तोत्र वाचते तसं बोट ठेवून वाच. तिने माझ्या पुस्तकात डोकावून पाहिलं. "आजी, तुझं बोट चित्रावर आहे."

होतं, ताई. अक्षरं कधीच धुरकट झालीत. वर्षभर देवापुढे मीही बदक-ससाच करतेय. आता दोघी रोज एकेक नवी ओळ अक्षर लावून वाचणार. देवाशपथ, माझी नात बालवर्गात जायची नाही!

तुझी,
धाकटी

ता. क. मोतीबिंदू काढल्यापासून तुझा जुना चष्मा पडूनच असेल. शनिवारच्या आत पाठव. (ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे.)

आणखी ता. क. ह्या पत्रातला वरचा एक शब्द नातीला वाचायला दिला. तिने "चमचा" वाचलं. पुन्हा लाव म्हटलं. बोट ठेवून च, अर्धा ष, मा असं करत करत ओरडली, "चष्मा!" पाठ नसलेला पहिला शब्द, ताई. तेवढा खोटा पाडू नकोस. चमचे आहेत आमच्याकडे.