हिरव्या बिअरचा सण

शिकागो, १९ मार्च १९९५

प्रिय आई,

जय भीम. मी मजेत आहे, बर्फही वितळायला लागलाय. जेवण नीट करते, काळजी करू नकोस.

परवा इथे सेंट पॅट्रिक नावाच्या संताचा सण झाला. संताच्या नावाने लोक भर दुपारी बिअर पितात, तीही हिरवा रंग घालून! आमचे सर अख्ख्या लॅबला बारमध्ये घेऊन गेले. मी फक्त कोक घेतला. पाचवं शील मोडलं नाही गं.

सरांना चढली. हात लागून त्यांचा ग्लास खाली पडून फुटला. सगळे हसले, सरसुद्धा. कोणी ओरडलं नाही. आणि मी कोट घालून, पर्स छातीशी धरून दारात उभी! कधी उठले, कळलंच नाही. लॅबमधली अपर्णा म्हणाली, "अगं, निघालीस कुठे?"

त्याच दिवशी आपल्याकडे धुळवड होती. बाबा कसे आले घरी? नुसतं 'सगळं ठीक' लिहू नकोस.

आता दारात तू एकटीच उभी राहतेस ना? सणावाराला शेजारच्या शेवंताकाकू आपल्यासाठी कडी न लावता झोपायच्या. अजून तशाच झोपतात ना गं?

तुझीच,
उपासना