खुर्चीचा पाय मोडलेला नाही

धाकट्या,

दुकानाची किल्ली मी नेली आहे, शोधत बसू नकोस. भाजी झाकून ठेवली आहे, मीच केली आहे. खायची तर खा, नाहीतर काल म्हणालास तसं बाहेरून खाऊन आलो म्हण.

आठवडाभर तू गिऱ्हाइकांना सांगतोयस, "दादाच्या खुर्चीचा पाय मोडलाय, माझ्याकडे बसा." एचआयव्ही मला झालाय, खुर्चीला नाही. दिवसभर मी तिच्यावरच बसून पेपर वाचतो, ते सगळ्यांना दिसतं.

काल मास्तर तुझं न ऐकता माझ्याकडे बसले. अर्धी दाढी झाली होती. तू येऊन त्यांच्या कानाशी लागलास, आणि उरलेल्या गालावर फेस तसाच घेऊन तो म्हातारा माणूस रस्त्यावर गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

डॉक्टरांकडे तुला मी मुद्दाम बरोबर नेलं होतं. गोळ्या चालू आहेत, एकत्र राहून, जेवून हे कुणाला होत नाही, कामही खुशाल करू दे, असं त्यांनी तुला समोर बसवून सांगितलं. तू नंदीबैलासारखी मान हलवलीस. ब्लेड तर आपण प्रत्येकाला नवंच लावतो. वस्तरा कसा धरायचा ते तुला मी शिकवलं आणि तू

जाऊ दे. पुढचं लिहीत नाही.

आज दुकान मीच उघडतोय. गिऱ्हाइकं जमली की ये आणि माझ्या खुर्चीत बस. सगळ्यांसमोर तुझी दाढी मी करणार. आला नाहीस, तर का आला नाहीस ते मीच त्यांना सांगेन. मोठ्याने सांगेन, कानात नाही.

दादा