मॉरिशसच्या पाहुण्यांसाठी अस्सल मराठी

३ नोव्हेंबर, सकाळ
आयडिया! परदेशात टूरिस्टला खरी भीती भाषेची. समोरचा आपल्या भाषेत बोलला की माणूस निम्मा घरी पोचतो. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत. बेंगळूरात मी आहे. मध्ये फक्त समुद्र. ‘आपली भाषा टूर्स’ आज स्थापन. रिटायर झाल्यावर माणूस संपतो म्हणणाऱ्यांनी स्वल्प थांबावं.

९ नोव्हेंबर
तिथल्या मराठी मंडळाच्या नयनाबाईंचं उत्तर आलं! त्या धरून पाच जणी तीन दिवस ट्रायलला येतात. आवडलं तर डिसेंबरला चाळीस जणांचा ग्रुप माझा. हे जमलंच पाहिजे. ऑफिसात एकतीस वर्षं दुसऱ्यांची टूर बिलं पास केली, आता स्वतःचं काही.
प्रणीत म्हणाला, अप्पा, त्यांच्याशी इंग्लिशमध्ये बोला, सेफ राहील. आयटीवाल्या मुलाकडून दुसरं काय ऐकणार?
संकल्प: संपूर्ण टूर मराठीत. इंग्लिश strictly बंद.

१० नोव्हेंबर
सत्यवती म्हणते, अहो, बोलायचं काम मी करू का? माहेर निपाणीचं, त्यामुळे तिला वाटतं मराठी म्हणजे तिचंच. आमचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे आलं. तेव्हापासूनचं मराठी आम्ही जसंच्या तसं जपलंय. तिला गोडपणे किचन डिपार्टमेंट दिलं.

१८ नोव्हेंबर
एअरपोर्टवर रिसीव्ह केलं. नयनाबाई म्हणाल्या, आपली भेट होऊन अत्यंत आनंद झाला. पुस्तकी बोलतात बिचाऱ्या, शाळेत शिकलेलं. तीन दिवसांत सुधारून देईन. भुकेल्या असतील म्हणून मी आधी जेवणाचं विचारलं, बन्नी अक्का, ऊटा झालं का? पाचही जणी हसल्या. पहिल्याच वाक्याला आपलेपणा!

१९ नोव्हेंबर
देवनहळ्ळीचा किल्ला. पूर्ण इतिहास सांगितला, दीड तास. एकीनेही मध्ये तोंड उघडलं नाही. असा श्रोता ऑफिसात कधी मिळाला नाही. सगळ्या एकसारख्या मान डोलवत होत्या. फक्त डिसिप्लिन कमी. मी म्हटलं, स्वल्प मुंदे या, तर सगळ्या जागेवरच उभ्या. मुंदे म्हटल्यावर कोणताही मराठी माणूस पुढे येतो. उन्हाने थकल्या असणार.

२० नोव्हेंबर
जेवण घरी. सत्यवतीने पिठलं-भाकरी केली. मी ड्रॉइंग रूममध्ये आमच्या घराण्याचा प्रवास सांगायला बसलो. एकेक करून पाचही जणी आत पाणी प्यायला गेल्या. पाणी प्यायला पाऊण तास? आतून हसण्याचे आवाज. एकीचे डोळे पुसलेले दिसले. सत्यवती म्हणाली, तिची आजी असंच पिठलं करायची, आठवण झाली म्हणत होती. मला यातलं काहीच बोलल्या नाहीत. माझ्यासमोर आदराने गप्प बसत असाव्यात.
मंडळाच्या पुढच्या ग्रुपसाठी उच्चारांचा क्लासही ठेवावा. एक्स्ट्रा चार्ज नाही.

२१ नोव्हेंबर
सेंड-ऑफ. नयनाबाईंनी वाकून नमस्कार केला. सत्यवतीला मात्र मिठी. डिसेंबर पक्का समजायला हरकत नाही. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली: ‘अस्सल मराठी गाइड’.

२४ नोव्हेंबर
मेल नाही. टाइम डिफरन्स.

२५ नोव्हेंबर
मेल नाही. प्रणीत म्हणाला, टाइम डिफरन्स दीड तासाचा आहे.

२७ नोव्हेंबर, दुपार
मेल आला. शुद्ध मराठीत, एक चूक नाही. चाळीस जण येतायत! पुढचं वाचलं नसतं तर बरं झालं असतं.
नयनाबाई लिहितात की, रघुपतीजी तीन दिवस आमच्याशी कन्नडमध्ये इतक्या प्रेमाने बोलले. भाषा फार गोड वाटली. अर्थ कळत नव्हता, पण त्यांचा उत्साह पाहून थांबवणं बरं दिसेना. डिसेंबरच्या ग्रुपमध्ये वयस्कर मंडळी आहेत, पूर्वजांची भाषा ऐकायला म्हणूनच ती एवढ्या लांब येत आहेत. तरी कृपया मराठी येणारा गाइड द्यावा. सत्यवतीताई मिळाल्यास उत्तम.

वाईट वाटलं. खूप. खोटं का लिहू?

संध्याकाळ
सत्यवतीला मेल दाखवला. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही, चहा करून दिला. मग म्हणाली, ती करील टूर. मीही बसमध्ये चलायचं, तिच्या शेजारची सीट माझी.
फक्त बोलायचं नाही.
मान डोलावून ‘सरी’ म्हटलं.