लाल रंगवलेल्या तीन टंगस्टनची वाटणी

मी रविराज सहादू वर्पे, वय चोवीस, धंदा आर्गन वेल्डिंग, राहणार संगमनेर, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, आज पूर्ण शुद्धीत हाय. दारू घेतलेली न्हाई, कोनाशी पैज लावलेली न्हाई. ही माझी नेहमीची खोडी न्हाई, हे पहिलं लिही असं महेंद्र म्हनला. तहसीलीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान हाय. कायद्याचे शब्द त्याचे, बाकी माझे. उद्या सकाळी दुधाच्या टाकीत आतली वेल्डिंगची शिवण मारायला उतरायचंय, म्हनून आजच लिहून ठेवतो.

१. मोटारसायकल बहीण स्नेहल हिला. सोबत लाल नेलपेंटची नवी बाटली घेऊन द्यावी. तिची जुनी मीच उचलली हुती. कशाला, ते पुढं येतंय.

२. शेडचे मालक काकासाहेब यांना फक्त कबुली. त्यांची लोखंडी खुर्ची खालच्या पत्र्याला टाके मारून मीच चिकटवली हुती. माझं नाव शेडातल्या हनुमंतानं सांगितलं आनि मला आठ दिवस घरी बसवलं. बरोबरच केलं. पन तवा मला तसं वाटलं न्हाई.

३. हनुमंत कानवडे म्हंजे आमच्या शेडमधला सगळ्यात चांगला हात. आर्गनच्या टॉर्चमधून टंगस्टनची काडी डोकावते, तिच्या टोकातून आर्क, म्हंजे विजेचा जाळ, चालतो. काडी स्वतः वितळायची नसती. तिच्या मागच्या टोकाला रंग असतो आनि आमी सगळे रंग बघूनच काडी उचलतो, डबी कोन वाचत न्हाई. स्टीलला लाल. हिरवी ॲल्युमिनियमची, ती स्टीलवर लावली की टोकाचा गोळा व्हतो आनि त्याचे कन शिवणीत पडतात. मी तीन हिरव्या काड्यांना नेलपेंट लावून लाल केलं. शेडात जरा हसू व्हईल, एवढंच डोक्यात हुतं. पन हनुमंतानं त्याच तिन्ही खिशात घातल्या आनि पुण्याकडं एका कंपनीत वेल्डरच्या परीक्षेला निघाला. घालताना मी बघितलं. बोललो न्हाई.

दुपारी त्याचा फोन आला. "रव्या, टोकाचा गोळा व्हतोय रे. तीनदा घासलं. काय चुकतंय?"

मी म्हनलो, "हात कापत असंल तुझा."

एक्सरेत शिवणीवर पांढरे ठिपके आले. नापास. माझं बोलनं त्यानं खरं मानलं. लाजून पुन्हा शेडात आला न्हाई, दुसरीकडं रोजंदारीवर टाक्यांची कामं धरली. तिथं टाकीच्या तोंडाशी लक्ष ठेवायला कोनी बसवलेलं नव्हतं. आर्गन गॅसला वास न्हाई आनि तो हवेपेक्षा जड, श्वासाची हवा बाहेर ढकलत आत साठत गेला. हनुमंत बसल्या जागी सापडला, काच डोळ्यावर तशीच.

त्याला चौदा महिने झाले. आर्क तुटला तरी टंगस्टन गार व्हायला गॅस सहा सेकंद येत राहतो. त्या सुं आवाजात हनुमंत मला विचारतो, काय चुकतंय. प्रत्येक शिवणीनंतर. मी गॅस तीन सेकंदावर आनून बघितला. काडी काळी पडली, आनि तो भरभर विचारायला लागला. परत सहावर केला.

४. माझी टॉर्च, काच आनि हातमोजे हनुमंताची बहीण निकिता हिला. ती आत्ताच शिकायला लागली हाय, म्हनून ह्या पुढच्या चार गोष्टी बी तिच्या नावावर. निकिता, काडी निळ्या टोकाची घे, लॅन्थेनमची. स्टीलला बी चालते, ॲल्युमिनियमला बी. लाल नको, घासताना तिची धूळ छातीला वाईट. बिनरंगाचंच टोक घास, लांबीला, गोल गोल न्हाई. काडी धरनारा कोलेट काडीच्याच मापाचा पायजे. ढिला असला की काडी मागं सरकते आनि तू हाताला दोष देशील. टॉर्चच्या तोंडाचा कप आठ नंबरचा, आत जाळीची गॅस लेन्स बसव, गॅस एकसारखा पडतो. डबीवरचं वाच. आनि शेजारी माझ्यासारखं कोनी असलं तर पहिली शिवण भंगाराच्या तुकड्यावर मार.

५. त्या तीन काड्या हनुमंताच्या पिशवीत परत आल्या. पिशवी तो गेल्यावर त्याच्या आईनं, भागिरथी मावशीनं, मला दिली हुती, तुझ्या कामाची म्हनून. त्या मावशीला. कुठल्याच टॉर्चला लावू नये. नखानं खरवडलं की खाली हिरवं दिसंल. पोराचा हात कच्चा हुता असं ती अजून पाहुण्यांना सांगते. तिनं तसं सांगू नये.

६. इथपर्यंतचं आज सकाळी मावशीच्या ओट्यावर वाचून दाखवलं, कारन दुसरी साक्षीदार म्हनून तिचंच नाव घातलंय. मी मान वर केली न्हाई. तिनं एक काडी घेऊन खरवडली. हिरवं दिसल्यावर बी खरवडत ऱ्हायली. मग म्हनली, "म्हंजी हात चांगला हुता त्याचा."

"व्हय मावशी."

"मंग हे गावाला सांगायला तू जिता पायजेस. उद्या टाकीच्या तोंडाशी मी बसते. सही तू बाहेर आल्यावर."

महेंद्र म्हनला, दोन सह्या झाल्याबिगर कागद कच्चा. ती म्हनली, ऱ्हाऊ दे कच्चा.

ठिकाण: संगमनेर
तारीख: ११ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवनार: रविराज सहादू वर्पे (सही)
साक्षीदार १: महेंद्र गायकवाड, झेरॉक्सवाला (सही)
साक्षीदार २: भागिरथी कानवडे, हनुमंताची आई
सही: ..............