नारिंगी पट्ट्याचं पिंप

खोर फक्कान, १९६७

याकूब, बाळा, दर्यावर जिथे असशील तिथे सुखरूप राहा.

रत्नागिरीच्या शाळेत आम्ही पोरं पानाफुलांच्या कविता एका सुरात म्हणायचो, तो आवाज सकाळपासून कानात आहे. कारण अंगणातला माझा मोगरा गेला. पानं वळली, गळली, नुसत्या काड्या उरल्या.

सायगॉनच्या धक्क्यावरून तू पाठवलेलं नारिंगी पट्ट्याचं रिकामं पिंप तुझ्या जैनबने घासून गोड्या पाण्याला लावलं होतं. आपल्यात दर्यावरून आलेल्या पिंपाचा मान असतो. मोगरा त्याच पाण्यावर होता. रेडिओ सांगतो, तिथे व्हिएतनामात विमानांतून पानं गाळणारं औषध फवारून जंगलंच्या जंगलं उघडी करतात, शत्रूला लपायला पानही उरू नये म्हणून. तुझ्या पिंपात आधी तेच औषध असलं तर?

मी सुनेला म्हटलं, "ते पाणी पिऊ नकोस, पोटुशी आहेस."

"अब्बा, त्यांनी प्रेमाने पाठवलंय. मोगरा उन्हाने गेला. तुमचं आपलं काहीतरी कवितेतलं."

दवाखान्यातला कंपाउंडरही हसला. तुला विचारावं, तर तुझं जहाज कुठे आहे ते कंपनीच्या एजंटलाही ठाऊक नाही. शेवटी आज पिंपातलं पाणी मीच ओतलं आणि पिंप दाराबाहेर लोटलं. जैनब माझ्याशी बोलत नाही.

आत्ता कडी वाजली. कधी आमच्या उंबऱ्यावर न आलेली शेजारची उम्म सालेम पिंपावर हात ठेवून उभी आहे. "खलास?" म्हणजे आता नको ना, असं विचारते, आणि नेऊ का, अशी खूण करते. माझं अरबी बाजारापुरतं. पानं गळली, एवढंही मला त्यात म्हणता येत नाही.

तुझा अब्बा