मेंढपाळ कुणासमोर भारी

सोमवार, ८ सप्टेंबर

पाचव्या प्रकरणाचं नाव ठरलं आणि गाडी तिथेच अडली. नाव — 'सर्वांत बलवान फौज कोणती?' आयुष्य वर्तमानपत्रात गेलं, वेळेवर मजकूर देणं हाडांत मुरलंय. त्यामुळे गेमची माहितीपुस्तिका म्हणजे हातचा मळ, असं मी मालकांना सांगून बसलो. गेममध्ये चार फौजा. लोहार, नावाडी, घोडेवाले, मेंढपाळ. खेळणाऱ्याने एक घ्यायची, समोरची संगणक चालवतो, आणि एकाने दुसऱ्याला नकाशावरून पुसायचं. एक ते चार क्रम लावायचा, कारणं द्यायची, मोकळं व्हायचं!

चिमीला विचारलं. धाकटी बहीण माझी. मला इथे आणलं तिनेच. फौजांची ताकद जमवणं हे तिचं काम — कुणाचा घोडा किती पळेल, कुणाची भिंत किती तग धरेल, सगळं तिच्या हातचं.

"चिमे, पहिला नंबर कुणाचा?"

"कुणासमोर?"

"म्हणजे काय कुणासमोर?"

"आणि कुठल्या पातळीवर? दादा, तू 'चांगला डॉक्टर कोण' असं विचारतोयस. दुखतंय काय ते आधी सांग की!"

लहानपणी हिला गणित मी शिकवलं. आता ही मला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

दिवसभर खेळलो. लिहायचं तर आधी हात घालून पाहायचा, ही सवय जुनी. ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर आहे. खालून शिलाई मशीनचा आवाज, वर माझ्या फौजा.

नावाडी घेतले. सोपी पातळी. नदीवरून व्यापार, धान्याच्या होड्या येताहेत-जाताहेत, कुणी आडवं येत नाही. दुपारपर्यंत मी सम्राट! चिमी मागून जाता जाता म्हणाली, "छान. आता कठीण लाव."

लावली. तेच नावाडी, तीच नदी, त्याच होड्या. पण कठीण पातळीवर संगणकाला धान्य जास्त मिळतं आणि तो पहिल्यापासून चाल करून येतो. माझ्या लांबच लांब होड्यांची रांग म्हणजे त्याला वाढलेलं ताट. थोड्या वेळात मी कंगाल.

हे मला फार आवडलं. फौजेच्या ताकदीत केसाइतका बदल नाही. बदलला फक्त समोरचा. तेवढ्यात सम्राटाचा भिकारी झाला!

बुधवार, १० सप्टेंबर

लोहार. सगळ्यांत वरची पातळी — तिचं नावच 'जहाल'. हरलो. जेवलो. पुन्हा हरलो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज बैठक. मालकांना मागे सगळे 'घड्याळ' म्हणतात, कारण त्यांचा प्रत्येक प्रश्न 'कधी?' किंवा 'किती?' असा असतो. माणूस वाईट नाही. पडद्यावर चाचण्यांचे आकडे लावले. मेंढपाळ तळाला. नुसते तळाला नाहीत, रसातळाला.

"पुढच्या शुक्रवारी ठरवून टाकू. तीनच फौजा ठेवू," म्हणाले. "चौथी म्हणजे चित्रं, आवाज, दुरुस्त्या. छोटी कंपनी आहे आपली. जी फौज हरतेच, ती कोण घेणार?"

मुद्दा चुकीचा कसा म्हणू?

चिमी पेनाचं टोपण काढत-घालत बसली. बाकीच्या तीन फौजा आधीच्या माणसाने आखल्या होत्या, हिने दुरुस्त केल्या. मेंढपाळ मात्र पहिल्या रेघेपासून हिचे. तीन वर्षं राबली त्यांच्यावर. त्यांना गाव नाही, भिंती नाहीत. तळ उचलून चालू पडायचं. असली फौज दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी पाहिली नाही. (पाहिलेत किती गेम, हा प्रश्न वेगळा!)

बाहेर आल्यावर म्हणालो, "चिमे, बोलायचंस काहीतरी."

"काय बोलू? आकडे खोटे नाहीत. पण मी खेळते तेव्हा हे होत नाही, दादा. कधीच होत नाही."

शनिवार, १३ सप्टेंबर

चिमी घरी जेवायला. हिने — माझ्या बायकोने — तिच्या आवडीचं सगळं केलं. चिमी भात चिवडत बसली.

"अगं, एवढी काय गं जादू तुझ्या मेंढपाळांत?" हिने विचारलं.

मग कळी खुलली. ताट बाजूला, वाट्या पुढे. "ही वाटी लोहारांचं गाव. हे मोठं सैन्य, वहिनी, निघालं माझ्यावर. मी लढतच नाही! मागे सरते. डोंगरात जाते. ते येताहेत मागून. घरापासून लांब. मागून धान्याच्या गाड्या येतात ना त्यांच्या, त्या मी चमच्याने अशा उचलते. सैन्य मोठं, म्हणजे भूकही मोठी! आठवड्याभरात गळून पडतं."

"आणि लोहार घराबाहेर पडलेच नाहीत तर?"

"पडतात. जहाल पातळीवर पडतातच."

"तू नेहमी तीच लावतेस?"

"बाकीची काय लावायची, वहिनी? झोप येते."

पुढे गोड आलं, विषय बदलला. पण तो 'नेहमी' माझ्या डोक्यात कुसळासारखा अडकलाय.

सोमवार, १५ सप्टेंबर

सापडलं!

दिवसभर गेम खेळून चाचण्या घेणाऱ्या बाईंना ऑफिसात तुफान म्हणतात. त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो. बोटं अशी चालतात की बघत राहावं. सहज विचारलं, "पातळी कोणती लावता हो?"

"सोपी. बाकीचेही तीच लावतात."

"का?"

"पटापट उरकतात ना डाव! सर संध्याकाळी विचारतात — किती झाले? कुठल्या पातळीवर झाले, हे आजवर कुणी विचारलंय?"

बोंबला! सोप्या पातळीवर संगणक घरात बसून राहतो. सैन्य बाहेर काढत नाही, गाड्या पाठवत नाही. मेंढपाळांनी लुटायचं कुणाला? शेवटी गावाच्या भिंतीवर चालून जायचं आणि मरायचं. सगळे आकडे त्याच पातळीवरचे. आणि चिमी खेळते फक्त जहाल. मालक आणि चिमी एकाच फौजेबद्दल बोलत होते आणि दोघांनी वेगवेगळी फौज पाहिली होती.

चिमीला सांगितलं. आधी खो खो हसली. मग म्हणाली, "म्हणजे मीपण तेच केलं की रे. एकच पातळी धरून बसले." हे तिचं मला फार मोठं वाटतं. जिंकायची वेळ आली की माणसाला आपला वाटा दिसेनासा होतो. हिला आधी तोच दिसला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

चिमीने मालकांकडून दोन दिवस मागून घेतले. "कधी मिळेल?" "उद्या संध्याकाळी." "किती डाव?" "सर, या वेळी किती नाही विचारायचं." मी पाठ फिरवून हसलो.

बुधवार, १७ सप्टेंबर

काय दिवस गेला! सगळ्या फौजा, सगळ्या पातळ्या, समोर आळीपाळीने प्रत्येक जण.

तुफानबाईंनी मेंढपाळ घेतले, जहाल, समोर लोहार. लोखंडी सैन्य निघालं, त्याने सगळा पडदा काळा झाला. बाई मागे, मागे, डोंगरात. मालक येऊन उभे. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही! मग एकेक गाडी गायब. लोखंडाचे ते पहाड एका जागी उभे राहिले, बसले, संपले. एक तलवार न चालवता. शिंपी खालून विचारायला आला, "काय पडलं काय वर?" आम्ही ओरडलो होतो.

पण घोडेवाल्यांसमोर? हरले. सोपी, मध्यम, कठीण, जहाल — सगळीकडे. घोडा मेंढीला गाठतोच. चिमी शांतपणे म्हणाली, "गाठायलाच हवा. नाहीतर त्यांना कोण हरवणार?" स्वतःच्या लेकराची दुखरी नस तिने स्वतः ठेवलेली आहे! मी लेखनात एवढा निष्ठुर कधी होऊ शकलो नाही.

दुपारी चिमीने वहिनीला बोलावून घेतलं. कधीच न खेळलेलं माणूस हवं होतं. मेंढपाळ, सोपी पातळी, समोर नावाडी. ही डोंगरावर तळ हलवत बसली.

"अहो, कुणी येतच नाही. मी करू काय? मेंढ्या मोजू?"

सगळे हसले. ही पण. चिमी मात्र पडद्याकडे नाही, हिच्या तोंडाकडे बघत होती. बराच वेळ.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पाचवं प्रकरण झालं. मुदतीच्या आत! क्रम दिलाच नाही. नाव बदललं — 'कोण कुणासमोर भारी'. नावाडी सोप्या पातळीवर राजे, वर गेलं की त्यांची लांबी हीच कमजोरी. लोहार मधल्या पातळीचे. तिथे शत्रू भिंतीवर येऊन डोकं आपटतो, पण पुढे जाऊन मारायला यांचे पाय जड. घोडेवाले कुठल्याही पातळीवर बरे, अपवाद एकच, समोरच्याने आधी भिंत बांधली तर. आणि मेंढपाळ — समोरचा जितका श्रीमंत आणि जितका उतावळा, तितके ते भारी. इतकं नेटकं कुणी काही आखलेलं पाहिलं की लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं. नुसतं खरं सांगायचं.

मालकांनी उभ्या उभ्या वाचलं. "यात पहिला कोण?"

"सर, ते समोर कोण बसलंय त्यावर."

डोकं खाजवलं. मग म्हणाले, "ठेवू या मेंढपाळ. उद्या बैठकीत जाहीर करतो."

चिमीला खाली गाठून सांगितलं. वाटलं, उडी मारेल. "हं," म्हणाली. "वहिनीला कंटाळा आला होता ना रे?"

"तिला कशाचाही येतो!"

"नाही. तिला माझ्यामुळे आला."

शुक्रवार, १९ सप्टेंबर

बैठकीत मालकांनी तोंड उघडायच्या आत चिमी उभी राहिली. मेंढपाळ खेळणाऱ्याला द्यायचेच नाहीत, म्हणाली. सगळे थक्क. मी सर्वांत जास्त. तीन वर्षं!

"ते समोर ठेवू. ते संगणकाने खेळावेत. वाट बघायला त्याला कंटाळा येत नाही. आणि माणूस, सर, सोप्या पातळीवरसुद्धा घरात बसत नाही."

मालक हो म्हणाले. पाचवं प्रकरण पुन्हा लिहायचं. या वेळी डोंगराच्या खालून.

शनिवार, २० सप्टेंबर

सकाळी लोहार घेतले, सोपी पातळी, समोर चिमीचे मेंढपाळ. डोंगरावर चिटपाखरू दिसत नव्हतं. मी सैन्य बाहेर काढलं, आणि मागून निश्चिंतपणे धान्याच्या गाड्या.